डेटाबेसचा पासवर्ड: डॉट-ईएनव्ही फाईलमध्ये की व्हॉल्टमध्ये?

वापरणाऱ्यांच्या पासवर्डबद्दल फार चर्चेला जागा नाही. आर्गॉन-२-आयडी किंवा बीक्रिप्टने हॅश करायचा, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात साठवायचा, चुकीच्या लॉगिनला मर्यादा घालायची, विषय संपला. डेटाबेसच्या पासवर्डचं तसं होत नाही. तो ॲपलाच दर वेळी डेटाबेसपुढे सांगावा लागतो, म्हणजे कुठेतरी मूळ रूपात मिळालाच पाहिजे. जळगाव-धुळ्याकडे छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअर करणाऱ्या माझ्यासारख्यांपुढे बहुतेकदा दोनच रस्ते असतात: एक डॉट-ईएनव्ही, म्हणजे ॲपची सेटिंग आणि पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवणारी फाईल; दुसरा व्हॉल्ट, म्हणजे गुपितं कुलपात ठेवून मागेल त्या ॲपला तपासून देणारं वेगळं सॉफ्टवेअर. मी दोन्ही वापरलेत.

फाईलची बदनामी खोटी नाही. कुठल्याही सार्वजनिक सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा, डॉट-ईएनव्ही मागणाऱ्या बॉटच्या ओळी दिसतीलच. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचा वेब-रूट, म्हणजे बाहेरून उघडता येणारा फोल्डर, पब्लिक फोल्डरऐवजी अख्ख्या प्रोजेक्टवर लावला असेल, तर बॉटला फाईल मिळू शकते. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एकदा कमिट झाली, म्हणजे नोंदली गेली की नंतर डिलीट करूनही जुन्या कमिटमध्ये राहतेच. पण आपल्याकडचा खरा रोग वेगळाच: ‘भाऊ, ती फाईल जरा व्हॉट्सॲपला टाका ना.’ टाकणारा टाकतो, घेणारा पुढे नोकरी सोडतो, आणि फाईल त्याच्या फोनमध्ये तशीच.

व्हॉल्ट यावर उत्तम उपाय आहे, यात वाद नाही. डेटाबेससाठी तात्पुरता युजर बनवून देतो, मुदत संपली की स्वतःच काढून टाकतो. ऑडिट चालू केलं तर कोणी कधी काय मागितलं तेही सापडतं. व्हॉल्ट बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये ओपन-सोर्स परवाना बदलल्यावर त्यातूनच ओपनबाओ ही ओपन-सोर्स आवृत्ती निघाली, परवान्याची धास्ती असणाऱ्यांना तीही सोय आहे.

माझा कौल ठरला तो मात्र लाईटमुळे.

व्हॉल्ट रीस्टार्ट झाला की सील होऊन, म्हणजे कुलूपबंद उठतो. नेहमीच्या मांडणीत किल्लीचे ५ तुकडे असतात आणि त्यांतले ३ दिल्याशिवाय तो एक अक्षर सांगत नाही. हे मुद्दामच केलेलं आहे, डिस्क चोरीला गेली तरी हाती काही लागू नये म्हणून. डेटा सेंटरमध्ये, जिथे मशीन सहसा बंद पडत नाही, तिथे हे शोभतं. पण मे-जूनची वादळं रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या करतात आणि विजेच्या तारांनाही सोडत नाहीत. तिथल्या एका व्यापाऱ्याचा सर्व्हर ऑफिसमागच्या खोलीत. लाईट जाते, यूपीएस जमेल तेवढा दम धरतो, मग मशीन बसतं. रात्री लाईट आली की वेब सर्व्हर एनजिनएक्स उठतं, डेटाबेस मायएसक्यूएल उठतं, व्हॉल्ट मात्र सील. बाहेर दिल्लीची गाडी भरून उभी, काट्याची पावती झालेली, आणि बिल्टी काही निघत नाही. एक तुकडा माझ्याकडे, एक शेठकडे, तिसरा त्यांच्या भाच्याकडे. भाचा शिरपूरला लग्नात, फोन लागत नाही. उरलेले दोन बँकेच्या लॉकरमध्ये. ड्रायव्हर म्हणतो, ‘शेठ, हातानेच लिहून द्या ना.’ शेवटी बिल्टी हातानेच लिहिली जाते.

असं पुन्हा पुन्हा झालं की पुढचं ठरलेलंच. तिन्ही तुकडे एका कागदावर लिहिले जातात आणि कागद मॉनिटरखाली जातो. तसा कागद मी पाहिलाय. मग त्या सीलला काय अर्थ उरला?

ऑटो-अनसील, म्हणजे तुकडे न देता आपोआप कुलूप उघडणं, आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तेच बरोबर. पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीत व्हॉल्टला उठताना क्लाउडच्या केएमएसला, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेला विचारावं लागतं, आणि वादळात लाईटबरोबर इंटरनेटही गेलेलं असतं.

तेव्हा एक सर्व्हर, एक-दोन ॲप आणि लाईटचा भरवसा नाही, अशा ठिकाणी मी तरी फाईलच ठेवतो. वेब-रूटबाहेर, मालक रूट, ग्रुप ॲपच्या युजरचा, परवानगी ६४० (मालक लिहू शकतो, ग्रुप फक्त वाचू शकतो, बाकी कोणी नाही). ॲपसाठी वेगळा डेटाबेस युजर, त्याला त्याच्याच डेटाबेसपुरते हक्क, आणि कनेक्शन फक्त लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनवरून. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर मारियाडीबीचं युनिक्स-सॉकेट किंवा पोस्टग्रेसचं पीअर ऑथेंटिकेशनही पाहा. त्यात मशीनवरचा युजर कोण हे पाहूनच प्रवेश मिळतो, पासवर्डच लागत नाही, आणि लोक ते का वापरत नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही.

फाईल व्हॉट्सॲपवर फिरलीच, तर पासवर्ड बदलायला घाबरू नका. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका युजरचे जुना आणि नवा असे दोन पासवर्ड एकाच वेळी चालू ठेवता येतात. नवा फाईलमध्ये टाकायचा, ॲप चालतंय बघायचं, मग जुना रद्द करायचा. लाराव्हेल असेल तर कॉन्फिग कॅशे, म्हणजे सेटिंगची साठवलेली प्रत, पुन्हा बनवायला विसरू नका, नाहीतर ॲप जुनाच पासवर्ड वापरत राहतं.

टीम मोठी असेल, ॲप पुष्कळ असतील आणि रात्री फोन उचलणारा माणूस पगारावर असेल, तर व्हॉल्टला माझी ना नाही. तुकडे मात्र अशा तिघांकडे द्या, जे एकाच लग्नाला जाणार नाहीत.