नमुन्यात लोखंड होतं, दारात नव्हतं

खिडक्या-दारांच्या कामात फसवणूक होते ती नेमकी न दिसणाऱ्या जागी. बाहेरून चौकट पांढरीशुभ्र, काच चकचकीत, हँडल छान बसलेलं. मग आत काय घातलंय हे बघायला कोण जातो? आमच्या कंत्राटदाराने यावरच धंदा मांडला होता. घरात लहान मुलं आहेत आणि त्याने जे केलं ते जिवावर बेतू शकलं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

तो यूपीव्हीसीचा, म्हणजे खिडक्या-दारांच्या चौकटीसाठी वापरतात त्या कडक प्लास्टिकचा, कापलेला कोपरा नमुना म्हणून घेऊन आला. चौकटीच्या पोकळ पट्टीत (याला प्रोफाइल म्हणतात) जस्त चढवलेल्या लोखंडाची जाड पट्टी बोटाने दाखवली. "ताई, हीच आपली ताकद," म्हणाला. यूपीव्हीसी उन्हात प्रसरण पावतं आणि लांब पट्टी आत आधार नसेल तर वाकते, हेही त्यानेच समजावलं. आम्हाला दिवाणखान्यातून अंगणात उघडणारं मोठं सरकतं दार हवं होतं, म्हणजे लोखंड सगळ्यात गरजेचं तिथेच.

स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीला आम्ही पल्ल्याच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या मागितल्या होत्या. त्या पूर्ण उघडतात आणि बंद केल्यावर पल्ला रबरावर चारी बाजूंनी दाबून बसतो, त्यामुळे वारा, पाणी, आवाज कमी येतो. दोन झडपांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते आणि झडप सरकायची म्हणून तिथे ब्रशसारखी केसाळ पट्टी लावतात. ती तितकं घट्ट बंद करत नाही. पण तो "पल्ले वाऱ्याने आपटून फुटतात, आता कुणी लावत नाही" यावर अडून बसला आणि शेवटी सरकत्याच बसवल्या. पल्ला हव्या त्या कोनात धरून ठेवणारे स्टे मिळतात, हे त्याने कधी सांगितलंच नाही. सरकत्या खिडकीत त्याचे कष्ट वाचत होते, एवढंच त्यामागचं कारण.

पहिल्याच मोठ्या पावसात ट्रॅक, म्हणजे झडप सरकते ती खालची खाच, भरला आणि पाणी खोलीत आलं. बाहेरून बघितलं तर चौकटीला पाणी निघायच्या भोकांवरची प्लास्टिकची झाकणं व्यवस्थित रांगेत होती. एक झाकण उचकटलं. खाली भोकच नाही, सपाट प्लास्टिक! सगळी झाकणं नुसती चिकटवलेली होती. हे बघून माझा अक्षरशः संताप झाला, कारण हा विसरभोळेपणा नव्हता, ठरवून केलेलं काम होतं.

उन्हाळ्यात मोठं दार मधोमध झुकलं, कडी बसेना. एक दिवस झडप ट्रॅकवरून उतरली आणि काच फुटली, तेव्हा जमिनीवर सुरीसारखे लांब तुकडे पडले. नशिबाने जवळ कुणी नव्हतं. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच अशी फुटत नाही, तिचे बारीक बोथट दाणे होतात. कोटेशनमध्ये "टफन्ड" होतं, बिलात नुसतं "५ मिमी काच". त्याला फोन केला तर म्हणे, खूण पुसून गेली असेल. टफन्ड काचेवर कारखाना कोपऱ्यात उमटवतो ती खूण कायमची असते, पाण्याने जात नाही. आमच्या काचेवर कागदी स्टिकर होतं.

दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या फिटरने खिशातून लोहचुंबक काढलं आणि चौकटीवरून फिरवलं. कोपऱ्यांजवळ वीतभर चिकटलं, पुढे सटासट घसरत गेलं. म्हणजे टोकाला तुकडे घालून मधे सगळं पोकळ. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, तसला प्रकार.

रस्त्याकडच्या खिडकीला दुहेरी काच सांगितली होती. थंडीत दोन काचांच्या मधे दव साचायला लागलं, ते पुसताही येत नाही. दोन काचांमधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असावे लागतात आणि कडा कारखान्यात सीलबंद कराव्या लागतात. याने जागेवरच सिलिकॉन मारून दोन काचा जोडल्या होत्या.

आता शेवटचा हप्ता आम्ही अडवलाय, फोटो आणि कोटेशन जोडून लेखी तक्रार केलीय. दार नव्याने करून घेतोय. या वेळी कोटेशनमध्ये प्रत्येक खिडकीचा प्रकार, काचेची जाडी, टफन्ड की लॅमिनेटेड (दोन काचांमधे प्लास्टिकचा थर असलेली), चौकट आणि झडप दोन्हींत पूर्ण लांबीचं लोखंड, असं वेगवेगळं लिहून घेतलं. तुम्हीही माल आला की बसवण्याआधीच चुंबक फिरवा, पूर्ण लांबीवर. काचेची खूण बघा. टफन्ड केल्यावर काच कापता येत नाही, त्यामुळे जागेवर कापून बसवतोय असं दिसलं तर ती टफन्ड नाहीच. चौकट बसली की ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर पडलं पाहिजे. आणि हे करू द्यायला कुणी आढेवेढे घेतले, तर पुढचा पैसा देऊ नका, काम तिथेच थांबवा.