रिंग फाईल चांगली, पाकिटं भिकार: गोधडीचे पॅटर्न ठेवून एक उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

गोधडीचे कागदी पॅटर्न ठेवायला रिंग फाईल आणि तिच्यात लावायची प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटं असा संच घेतला होता. फाईल तुटलेली नाही. रिंग वाकलेली नाही, चाप अजून खटकन बसतो. तरी पाचपैकी दोनच तारे देतेय, आणि का देतेय ते जरा सविस्तर सांगणार आहे.

ऑगस्टमध्ये भाचीच्या बाळासाठी लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायची ती गोधडी) करायला घेतली. पाकिटात पॅटर्न एकदम स्वच्छ दिसत होता, काळ्याभोर रेघा, पट्ट्यांचे आकडे जागच्या जागी. कागद बाहेर ओढला तर चर्रर्र आवाज, आणि हातात आला अर्धामुर्धा कोरा कागद. १ ते ४ आकडे शाबूत, ५ चं नुसतं पोट, ६ आणि ७ गायब. गेलेलं सगळं पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटलेलं! ज्यांनी कागदावर कापड शिवून ब्लॉक (गोधडीचे जोडायचे चौकोन) केलेत त्यांना वेगळं सांगायला नको, पट्ट्या आकड्यांच्या क्रमानेच शिवायच्या असतात, तो क्रम गेला की तो कागद रद्दीतच.

मग बाकीची पाकिटं उघडून पाहिली. झेरॉक्स आणि लेझर प्रिंट जवळजवळ सगळे चिकटलेले. चौकडीच्या वहीवर पेन्सिलने काढलेल्यांना काहीही झालेलं नाही.

कारण साधं आहे. झेरॉक्सची आणि लेझर प्रिंटची शाई म्हणजे शाई नव्हेच, ती प्लॅस्टिकची बारीक पूड, उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली. स्वस्त पाकिटं पीव्हीसीची असतात, आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात. ते त्या पुडीला मऊ करतं आणि ओढून घेतं. वर उकाडा आणि वजन असलं की काम लवकर होतं. आमचं घर वरच्या मजल्यावर, नाशिकचा एप्रिल-मे आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि फाईल लोखंडी कपाटात जुन्या साड्यांच्या गठ्ठ्याखाली. अजून काय पाहिजे?

दुकान मेन रोडला. पाकिटं घेऊन गेले.

"ताई, फाटलंय का कुठं?"

"फाटलं नाही, अक्षरं खाल्ली त्यानं."

"मग डिफेक्ट कुठला? पाकिटाचं काम कागद सांभाळायचं."

"तेच म्हणतेय मी! सांभाळला का?"

यावर दुकानदार काकांनी पाकीट उजेडात धरलं, आत कागद सरकवला, रेघेला रेघ जुळवली आणि म्हणाले, "हे बघा, दिसतंय ना पूर्ण? अशीच झेरॉक्स काढा पाकिटासकट." मला इतका राग आला की तिथून सरळ निघाले. पैसे परत नाहीत, बदलून नाही, वर सल्ला.

आता हे लिहिताना कबूल करायलाच हवं की सल्ला लागू पडला. कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे पाकिटासकट काचेवर ठेवून प्रती काढल्या, आणि तीन-चार सोडून सगळे पॅटर्न वाचले. फक्त पॅटर्नच्या कोपऱ्यात माप तपासायला छापलेला एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजून घ्या, काही मशिनी गुपचूप आकार बदलतात. हीच भानगड डाउनलोड केलेल्या पॅटर्नची. अमेरिकन कागद २१६ मिलीमीटर रुंद, आपला ए-फोर २१०. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' राहिलं की सगळं सुमारे ९७ टक्क्यांवर येतं आणि १२ इंचांचा ब्लॉक पाऊण सूत कमी नाही, चांगला पाव इंचाहून जास्त आखडतो. प्रिंटवाल्या पोराला 'हंड्रेड पर्सेंट' असं दोनदा सांगायचं, आणि तरी मोजायचं.

आता फाईलबद्दल. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन रिंगांची, १८० रुपयांची. आधी मी बॉक्स फाईल वापरत होते, त्यात खालचा पॅटर्न काढायचा म्हणजे वरचे सगळे बाहेर. त्यापुढे ही फाईल सुखच आहे. पानं हवी तशी मागेपुढे करता येतात. मी नावाने लावत नाही, ब्लॉकच्या मापाने लावते: ४ इंची, ६ इंची, ९ इंची, १२ इंची. कारण माझ्याकडे निर्णय कापड घेतं. येवल्याहून वहिनी ब्लाउजपिसांचे काठ आणते, ते तीन बोटं रुंद. त्यातून ताऱ्याचा १२ इंची ब्लॉक निघणार आहे का? मग ४ इंचीचा भाग उघडायचा आणि त्यातलं काय बसतं ते पाहायचं. प्रत्येक पानावर वर उजवीकडे लिहून ठेवते: कापायचं माप, शिवल्यावरचं माप, कापड किती लागलं, गोधडी कुणाला दिली. दोन त्रिकोण जोडून शिवल्यावर ३ इंची चौकोन हवा तर कापडाचा चौकोन ३ ७/८ इंचाचा कापून तिरका दुभागायचा, हे दर वेळी नव्याने आठवत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

कापडाचा नमुना पानाला लावत असाल तर स्टेपलर वापरू नका. पावसाळ्यात पिना गंजतात आणि कागदावर तांबूस डाग कायमचा. दोन कच्चे टाके घाला, सुई हाताशी असतेच.

पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टिकचे साचे या फाईलीत ठेवायच्या भानगडीत पडू नका. ड्रंकर्ड्स पाथ या वळणाच्या तुकड्यांच्या नमुन्याचे गोल साचे घातले की फाईल गरोदर बाईसारखी फुगते आणि रिंगा तोंड उघडायला लागतात. ते मी झिप लॉक पिशवीत घालून कपाटाच्या दाराच्या हुकला टांगलेत.

सासूबाईंना हा सगळा उद्योगच मान्य नाही. "गोधडीला कागद कशाला लागतो गं?" त्यांनी जुनी लुगडी एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत धावदोरा घालत आख्ख्या गावाला गोधड्या पुरवल्या. त्यांचं बरोबर आहे. पण त्यांच्या हातचा एक चौकटीचा नमुना होता, वर्तमानपत्रावर कापलेला. तो पिवळा पडून घडीवर तुटायला लागला, तेव्हा तो टेलरच्या खाकी कागदावर उतरवून याच फाईलीत गेला, पहिल्या पानाला. आता पाहुणे आले की सासूबाईच फाईल काढून दाखवतात.

नवी पाकिटं पॉलिप्रॉपिलिनची घेतली. ओळखायची सोपी: जरा दुधी दिसतात, हाताला निसरडी, हलवली की कुरकुर वाजतात, आणि नव्या रेनकोटचा तो वास येत नाही. १०० नगांना जुन्यांपेक्षा ९० रुपये जास्त पडले. त्याच दुकानातून घेतली, कारण दुसरीकडे अजून वीस रुपये महाग होती. काकांनी न मागता पाच रुपये सोडले, दुकानात त्यावर एक शब्द कुणी बोललं नाही. नव्या पाकिटांत आत्तापर्यंत तरी एकही आकडा हललेला नाही, पण उन्हाळा अजून यायचाय.

जुनी पाकिटं टाकली नाहीत. त्यात चेन, बुकरम आणि लेसचे तुकडे जातात, कापडाला अजून तरी काही झालेलं नाही.

फाईलला चार तारे, पाकिटांना शून्य. संच म्हणून एकत्रच विकतात, म्हणून सरासरी दोन. सुटी फाईल मिळाली तर बिनधास्त घ्या.