कोकमाच्या अर्काची सेल टेस्ट (जिवंत पेशींवरची टेस्ट) करून घेतली, त्याचा अनुभव

आमचं खानापूर तालुक्यात जांबोटीकडं घरगुती कोकमाचं काम आहे, आगळ, सोलं, सरबत, आठ वर्षं झाली. हल्ली गिऱ्हाईक एकच विचारतंय, यात अँटिऑक्सिडंट आहे काय, आणि दुकानदारपण म्हणतात लेबलवर टाका की, माल उठेल. उगाच टाकायला मन धजेना म्हणून बेळगावातल्या एका प्रायव्हेट टेस्टिंग लॅबला सॅम्पल दिलं. नाव लिहीत नाही कारण मधे एक घोळ झाला आणि तो त्यांनी निस्तरलापण. पण आवळा, गुळवेल, हिरडा असलं काय काय विकणारे आपल्याकडं बरेच आहेत, पैसे भरायच्या आधी त्यांनी हे वाचावं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

अँटिऑक्सिडंटची स्वस्तातली टेस्ट म्हणजे डीपीपीएच. जांभळं पाणी असतं, त्यात अर्क टाकला की रंग उतरून पिवळट होतो, किती उतरला ते मशीन ५१७ नॅनोमीटरला मोजतं, अर्ध्या तासाचं काम. यात जिवंत काहीच नसतं, चहाच्या पाण्यानंपण रंग उतरतो. माझी भाची एम. फार्म करते, ती म्हणाली, "मामा, नळीत रंग उतरला म्हणून अंगात काय होतंय ते कळत नाही, सेलवर करून घ्या." अमेरिकेच्या शेती खात्यानं असल्याच नळीतल्या आकड्यांचा ओरॅक नावाचा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता, तो २०१२ मध्ये काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. हे ऐकल्यावर मी डीपीपीएचवर थांबायचं नाही असं ठरवलं.

काउंटरवर मराठी, कन्नड दोन्ही चालतं, माणसं नीट बोलतात. मी आगळाची बाटली घेऊन गेलो तर मॅडमनी आधी विचारलं मीठ आहे काय, आणि बाटली परत दिली, मिठानंच पेशी मरतील म्हणाल्या. हे मला फार आवडलं, पैसे घेऊन गप्प बसल्या असत्या तर मला कळलंपण नसतं. मग घरी आईनं बिनमिठाची सोलं वेगळी वाळवून दिली, ती नेली. त्यांनी पाण्यात अर्क काढून, गाळून, फ्रीज ड्राय केला, म्हणजे गोठवून सुकवला, गडद लाल पावडर निघते आणि डबी जरा उघडी राहिली की ओल धरून चिकटते.

पेशी म्हणजे हेपजीटू, माणसाच्या लिव्हर कॅन्सरच्या गाठीपासून आलेल्या, ३७ डिग्रीला ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात, आणि टेस्ट ९६ खड्ड्यांच्या प्लॅस्टिक प्लेटमध्ये. आधी बघायचं अर्कानं पेशी मरतात काय, त्याला एमटीटी म्हणतात, जिवंत पेशी त्यातल्या पिवळ्या डायचं जांभळं करतात. त्यातनं जो डोस पास होईल तो पेशींना द्यायचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं त्यांना त्रास द्यायचा आणि डीसीएफ नावाच्या डायनं बघायचं की आत किती हिरवं चमकतंय. जास्त हिरवं म्हणजे पेशीच्या आत पेरॉक्साइडचा जास्त त्रास, अर्कानं हिरवं कमी झालं तर काहीतरी काम झालं.

पहिला रिपोर्ट आला, त्यात लिहिलेलं सॅम्पल टॉक्सिक, अगदी खालचे डोस सोडले तर पेशी मेल्या. मी रात्रभर झोपलो नाही हो, आमच्या आजीपासून घरात रोज सोलकढी आहे आणि लहान पोरांना मी हे सरबत विकतो. दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन गेलो, आम्हाला प्लेट बघायची आहे म्हटलं. त्यांनी आमच्यासमोर अर्क मिसळून दाखवला. पेशी ज्यात वाढवतात ते पाणी गुलाबीसर लाल असतं, आमचा अर्क पडला त्या खड्ड्यांत ते हळदीसारखं पिवळंधमक झालं. भाची लगेच म्हणाली, "मॅडम, पीएच बघितलात काय?" पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट. कोकमाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड भरलेलं असतं त्यात, आणि पेशींना लागतो ७.४ च्या जवळचा. आंबटपणानंच मेल्या की त्या! त्यांच्या सरांनी तिथंच पीएच मीटर लावला, चूक आमची आहे म्हणाले, वाद घातला नाही, सगळं परत फुकट करून दिलं. पण तीन आठवडे गेले, आणि भाची नसती तर तो टॉक्सिकचा कागद खरा मानून मी धंदा बंद केला असता, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी अर्क न्यूट्रल करून, म्हणजे आंबटपणा मारून घातला. मधल्या डोसला पेशी चांगल्या राहिल्या, सगळ्यात वरच्याला थोड्या कमी झाल्याच, आणि हिरवी चमक खरंच उतरली, तुलनेला ठेवलेल्या क्वेरसेटिन नावाच्या ओळखीच्या अँटिऑक्सिडंटइतकी मात्र नाही. एक आहे, न्यूट्रल केल्यावर कोकमाचा लाल रंग जाऊन जांभळट तपकिरी झाला, म्हणजे पेशींना जे मिळालं ते आपल्या ग्लासातलं सरबत नव्हे, हे त्यांनी स्वतःहून रिपोर्टमध्ये लिहिलं.

बाकी काम व्यवस्थित होतं. पेशी नसलेल्या खड्ड्यांतपण अर्क घालून बघितला, कारण असले अर्क स्वतःच एमटीटी जांभळं करतात आणि वाटतं पेशी जिवंत आहेत. पेरॉक्साइड घालायच्या आधी अर्क धुऊन काढला, नाहीतर तो बाहेरच पेरॉक्साइड मारतो आणि श्रेय आतल्या कामाला जातं. एक राहिलं, पॉलिफिनॉल, म्हणजे अर्कातले अँटिऑक्सिडंट घटक, पेशींच्या त्या पाण्यात पडून राहिले की स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात, त्यासाठी कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून एक सेट हवा होता, तो एक्स्ट्रा चार्ज म्हणाले. हे पॅकेजमध्येच पाहिजे. बिल १८ हजार प्लस जीएसटी, माझ्यासारख्याला जड आहे. रिपोर्ट फक्त इंग्लिशमध्ये.

मी लेबलसाठी एका ओळीचं सर्टिफिकेट मागितलं तर दिलं नाही, हे प्लेटमधल्या पेशींवर आहे, माणसांवर नाही म्हणाले, आणि एफएसएसएआयचे (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम वाचा म्हणून सांगितलं. तेव्हा राग आला होता, आता येत नाही.

पाचपैकी चार. तुम्ही गेलात तर सॅम्पल आंबट आहे काय ते आधी सांगा, पीएच किती ठेवला ते रिपोर्टमध्ये लिहून घ्या आणि बिनपेशीच्या खड्ड्यांचे आकडे मागा. आम्ही मे महिन्यात नवे रातांबे (कोकमाची ताजी फळं) आले की कॅटलेजवाला सेट करून घेणार आहे, तोवर लेबलवर कोकम, साखर, मीठ, जिरं एवढंच.