पिसवांचं पेस्ट कंट्रोल, बडोदा : चार स्टार, आणि एक का कापला तेही लिहिलंय

आमचं घर दांडिया बाजारात, जुनं, तळमजल्याचं. जिन्याखाली अडगळीत पावसाळ्यात एका मांजरीनी पिल्लं घातली, मग ती गेली, एक पिल्लू मुलीनी ठेवून घेतलं आणि पिसवा सगळ्यांनाच मिळाल्या. घोट्यांवर लाल फोड, खाजवून खाजवून पाय सोललेले, वर गौरी-गणपती तोंडावर आलेले. सासूबाई म्हणे मांजर गेली आता जातील आपोआप. कुठलं काय, जनावर नसलं की त्या माणसांवर तुटून पडतात.

आधी ॲपवरनं एक मुलगा बोलावला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यानी झुरळांचं औषध सिंकखाली नि चौकटींना मारलं, एक वर्षाची गॅरंटी सांगितली आणि पसार. जिन्याखाली वाकून पण बघितलं नाही. पैसे पाण्यात.

मग शेजाऱ्यांनी कारेलीबागच्या एका लोकल माणसाचा नंबर दिला. ह्यानी फोनवरच विचारलं, घरात जनावर आहे का, झोपतं कुठे, तेव्हाच वाटलं की ह्याला काम येतं. आल्या आल्या बॅटरी घेऊन थेट जिन्याखाली, तिथल्या गोणपाटावरची काळी पूड चिमटीत घेऊन ओल्या टिश्यूवर दाबली तर विटकरी डाग पसरला! पिसवांची घाण म्हणे, ह्यात प्यायलेलं रक्तच असतं, नुसती धूळ असती तर असा रंग सुटला नसता. बाजूलाच मिठाच्या कणासारखी पांढरी अंडी. मला तर जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आधी सगळीकडे व्हॅक्यूम करायला लावलं, झोपाळ्याच्या गाद्यांखाली, सोफ्याच्या फटीत, आणि चादरी-अभ्रे गरम पाण्यात. फिशटँकवर प्लास्टिक टाकून पंप बंद. मग स्प्रे, त्यात दोन औषधं, डेल्टामेथ्रिन मोठ्या पिसवांसाठी आणि दुसरं ग्रोथ रेग्युलेटर, म्हणजे अळ्या मोठ्याच होत नाहीत. पूर्ण सुकेपर्यंत आम्ही सगळे बाहेर, पिल्लू पण. त्याला त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून आणायला सांगितलं, आणि बजावलं की कुत्र्याचं परमेथ्रिनवालं मांजराला अजिबात लावू नका, जिवावर बेततं. हे ॲपवाल्याला माहीत तरी असेल का देव जाणे.

आता मेन गोष्ट, स्प्रे झाल्यावर पण पिसवा दिसल्या, आणि हे त्यानी आधीच सांगून ठेवलं होतं. "काकी, पंदर दिवस तो देखाशे ज." कोशात असलेल्यांपर्यंत औषध पोचत नाही, पावलांची धमक, अंगाची ऊब, आपला श्वास लागला की त्या बाहेर येतात आणि मग औषधावर पडून मरतात. म्हणून घर बंद ठेवू नका, रोज फिरा, व्हॅक्यूम चालू ठेवा, पण भिंतीच्या कडेला लादी पुसायची नाही. हे कामवाल्या बाईंना पटवताना माझ्या नाकी नऊ आले, त्यांना कडेला धूळ दिसली की हात शिवशिवतात. पण खरंच रोज कमी कमी होत गेल्या आणि दुसऱ्या स्प्रेनंतर तर मुलगी पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्यांतून फिरली, एक पण चढली नाही.

एक स्टार कापला तो टायमिंगचा. सकाळचं सांगून भर दुपारी उगवला, फोन उचलत नाही, आम्ही भांडी झाकून, स्वयंपाक आटपून वाट बघत बसलेलो. वासाचा त्रास मात्र जास्त झाला नाही, पंखे लावून खिडक्या उघडल्यावर गेला. दोन्ही स्प्रे मिळून २२०० रुपये घेतले, ॲपवाल्यापेक्षा महाग, पण दुसरी व्हिजिट त्यातच धरलीय हे मी आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं होतं, तुम्ही पण घ्या, कारण दुसऱ्या वेळी आलेला हेल्पर वेगळे पैसे मागायच्या बेतात होता, मेसेज दाखवला तेव्हा गप बसला.