जुनी रिट्झ, पावणेदोन लाखांत: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

गाडी मारुती रिट्झ व्हीएक्सआय (मधलं मॉडेल), पेट्रोल, 2013 ची, एमएच-12 पासिंग, पहिल्या मालकाकडून थेट घेतलेली. किंमत पावणेदोन लाख. घेतल्यापासून साताऱ्यात रोजचं येणं-जाणं, महिन्यातून दोन-तीनदा पुणे आणि मध्येच कधी कासला किंवा कोल्हापूरला, असा वापर झालाय. दोन लाखांच्या आत गाडी शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जुनी गाडी स्वस्त मिळते त्याची कारणं मला दोनच दिसली. एक तर गाडीत काहीतरी खोट असते, नाहीतर गाडी चांगली असूनही लोकांच्या डोळ्यांत भरत नाही. दुसऱ्या जातीची शोधायची. रिट्झ नेमकी त्यातली. 2009 च्या मे महिन्यात आली, 2017 ला बंद झाली. युरोपात हीच गाडी सुझुकी स्प्लॅश नावाने विकली जायची आणि हंगेरीत बनायची. मागून बघितली की कुणीतरी करवतीने सरळ कापल्यासारखी दिसते, टेललाइट उभे आणि वाकडे. आमच्या घरी फोटो दाखवला तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न होता, "अहो, हिचा मागचा भाग कुठे गेला?"

पण बॉनेट उघडलं की आत 1197 सीसीचं चार सिलिंडरचं के-सिरीज इंजिन, म्हणजे त्या काळच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये जे बसायचं तेच. टायमिंग चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. आणि हे इंजिन न खोललेला मिस्त्री महाराष्ट्रात सापडणं अवघड. त्याच सालची, तेवढीच चाललेली स्विफ्ट मला सगळीकडे साठ-सत्तर हजारांनी महाग दिसत होती. ते जास्तीचे पैसे स्विफ्टच्या दिसण्याचे आणि नावाचे.

अशा दुर्लक्षित गाड्या आणखीही आहेत. होंडा ब्रिओ घ्या, इंजिन गोड आहे, पण मागचं दार म्हणजे नुसती काच आणि डिकी नावापुरती, म्हणून लोक नाक मुरडतात. मला एक बरी ब्रिओ मिळता मिळता राहिली. याउलट फोर्ड फिगो आणि शेवरले बीट फारच स्वस्त दिसतात, त्याचं कारण वेगळं आहे. शेवरलेने 2017 अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने 2021 च्या सप्टेंबरमध्ये इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. फिगो चालवायला रिट्झपेक्षा चांगलीच आहे, हे मी मान्य करतो. पण एकच गाडी असलेल्या घरात हेडलाइट किंवा बंपर फुटल्यावर पार्टची वाट बघत बसणं परवडत नाही. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांनी खुशाल घ्यावी.

दिल्लीच्या डिझेल गाड्यांचा मोहही बऱ्याच जणांना होतो. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे त्या पडत्या भावात बाहेर येतात. एजंट "फक्त एनओसी घ्यायची साहेब" म्हणतो, म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, पण इथे आणल्यावर नव्याने पासिंग, महाराष्ट्राचा कर, आरटीओच्या फेऱ्या हे सगळं धरलं की स्वस्ताई संपते. शिवाय रोजचं वीस-पंचवीस किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेलचा काय उपयोग? त्या इंजिनाचा एखादा मोठा खर्च निघाला तर वर्षभराचं वाचलेलं इंधन त्यातच जातं.

गाडी बघताना मी रंग आणि किलोमीटरकडे शेवटी पाहिलं. मीटरचा आकडा मागे फिरवून देणारे लोक गावोगाव आहेत, आकड्यावर विश्वास ठेवायचाच कशाला? त्यापेक्षा ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर, स्टीअरिंगची झिजलेली कड आणि ड्रायव्हर सीटचा बसलेला फोम खरं बोलतात. बेचाळीस हजार किलोमीटरच्या गाडीचं पेडल गुळगुळीत असेल तर नमस्कार करून निघावं. टायरवर चार आकडी कोड असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 3219 म्हणजे 2019 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा-सात वर्षांचा टायर मी बदलायच्या हिशेबातच धरतो.

बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तिथे पाना लागलाय, म्हणजे पत्रा कधीतरी निघालाय. पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली कळायला साधं लोहचुंबक खिशात ठेवलं होतं, फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवर फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा थर आहे. आणि बघायला जाताना मालकाला आधीच सांगायचं की काका, गाडी सुरू करून ठेवू नका. गार इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर ऐकायचा-बघायचा असतो. एका ठिकाणी मी पोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. "आत्ताच पेट्रोल टाकून आणली" म्हणाले. मी चहा घेतला आणि निघालो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावीच लागते, पूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात आलेल्या गाड्या ओळखायच्या कशा? सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढून बघायचा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते. सीटखालच्या रेल्स आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गंज बघायचा. एसी चालू केल्यावर कुबट वास आला आणि समोर नको इतकं उग्र अत्तर टांगलेलं असलं, तर पुढे बोलायची गरज नाही. मला अशी एक गाडी कराडजवळ दाखवली होती. भाव इतका कमी होता की क्षणभर मन डगमगलं. मग बेल्ट ओढला.

ही रिट्झ कोथरूडच्या एका निवृत्त काकांची. सोसायटीत झाकणाखाली उभी असायची, भाजी आणि नातवाची शाळा एवढंच काम. सर्व्हिसची बिलं फाइलमध्ये तारखेने लावलेली, अगदी वायपर बदलल्याची पावतीसुद्धा. दारावर दोन ओरखडे होते आणि ते त्यांनी स्वतःहून दाखवले. रंग मारून लपवलेल्या गाडीपेक्षा ओरखडे दिसणारी गाडी केव्हाही बरी. एजंटांकडच्या सगळ्या गाड्या फर्स्ट ओनर, डॉक्टरची, लेडी ड्रिव्हन अशाच असतात. त्यांच्याकडच्या चकचकीत रांगेपेक्षा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्यांत जास्त माल आहे, हे माझं ठाम मत झालंय. वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे विसार देण्याआधी बघायचं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ई-चलन वेगळं तपासायचं. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की काम झालं असं लोक समजतात, पण आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी जुन्या मालकाच्या गळ्यात राहते. सुप्रीम कोर्टाने 2018 ला हेच सांगितलंय. म्हणून काका माझ्यापेक्षा जास्त घाईत होते आणि ते बरोबरच होतं. विमासुद्धा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायला हवा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं त्या मुदतीनंतर येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, मालकाची असते, गाडीची नाही, तेव्हा विमा नावावर करताना तेवढा फरक आपल्याला भरावा लागतो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, काकांनी आधीच बसवली होती, तेवढी कटकट वाचली.

आता खर्च. पावणेदोन लाखांत गाडी दारात आली, पण ती मनासारखी व्हायला आणखी पस्तीस-चाळीस हजार गेले. चारही टायर नवे, बॅटरी, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, पुढचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि क्लच प्लेट. गाडी कमी चाललेली असली तरी रबर आणि ऑइलला वय असतंच. सस्पेन्शनचे पार्ट मिस्त्रीनेच लिहून दिले आणि मी पुण्यात नाना पेठेतून आणले. एकाच पार्टचे तीन भाव तिथे ऐकायला मिळतात, पण हवं ते मिळतं, ताबडतोब मिळतं. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्याआधीच्या जमान्यातली, म्हणून मिस्त्रीला इंधनाच्या रबरी नळ्या तपासायला सांगितल्या. एक भेगाळली होती, ती बदलली. त्यानंतर वास नाही, गळती नाही. दर सर्व्हिसिंगला त्या बघून घेतो.

म्हणजे बजेट दोन लाख असेल तर गाडी दीड-पावणेदोनचीच बघायची. दोन लाख मोजून घेतलेल्या गाडीला टायर टाकायला पैसे उरत नाहीत, मग माणूस "चालतंय तोवर चालू दे" म्हणत गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतो.

चालवायला कशी? सीट उंच आहे, आईला गुडघे न दुखता चढता-उतरता येतं. आमच्या घरात गाडीची खरी परीक्षा तीच होती. गिअरचा दांडा डॅशबोर्डपाशी वर घेतलाय, हाताला लगेच येतो. गल्लीत वळवायला सोपी. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चार माणसं आणि एसी धरून तिसऱ्या गिअरमध्ये चढते, ट्रक आडवा आला की दुसरा टाकावा लागतो. यवतेश्वरच्या चढावर मात्र एसी बंद केला की फरक कळतो. शहरात लिटरला तेरा-चौदा, हायवेवर ऐंशीच्या वेगाने सतरापर्यंत जाते. वर्षानुवर्षं सीएनजी चालवलेल्यांना हे कमी वाटेल. मला सीएनजीच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं, आणि सिलिंडर बसवला असता तर डिकीत पिशवीसुद्धा मावली नसती. तशीही डिकी लहानच आहे. दोन बॅगा आणि वर एक गाठोडं, संपलं. गणपतीला गावी जाताना मागच्या सीटवर सामान आणि माणसं एकत्र बसली होती.

आवाज सांगायला हवा. नव्वदच्या पुढे वारा आणि टायरचा आवाज आत येतो, गाणी मोठी करावी लागतात. मागच्या काचेतून दिसतं कमी, रिव्हर्सला सेन्सर लावून घेतला. एसी लहान गाडीच्या मानाने जोरदार, एप्रिलमध्येही तक्रार नव्हती. आत्तापर्यंत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही.

मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. त्या काळी हे वरच्या झेडएक्सआय मॉडेलमध्ये किंवा जादा पैसे मोजून मिळायचं. पावसात महामार्गावर कुणी पुढे कचकन ब्रेक मारला की ही उणीव पायाला जाणवते. म्हणून मी अंतर ठेवून चालवतो आणि मागच्यांनाही बेल्ट लावायला लावतो, पण त्याने एअरबॅग येत नाही. आता कुणी विचारलं तर वीस-पंचवीस हजार जास्त गेले तरी एअरबॅगवालीच शोध म्हणून सांगतो, मग रंग कुठलाही असू दे.

गाडी घेतल्यावर काही महिन्यांनी, 22 सप्टेंबर 2025 ला, लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि नव्या एस-प्रेसोची एक्स-शोरूम किंमत साडेतीन लाखांपर्यंत उतरली. भाऊजींनी लगेच फोन करून चिडवलं. माझा व्यवहार दोन लाख दहा-पंधरा हजारांत आटोपला होता, त्यामुळे मला फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो तीन-चार लाखांच्या जुन्या गाड्यांना. दहा वर्षांच्या स्विफ्टला साडेतीन लाख मागणारा मालक आता हास्यास्पद वाटतो, कारण त्याच्या थोडं पुढे वॉरंटी आणि एअरबॅगसकट कोरी गाडी उभी आहे. म्हणजे जुनी घ्यायची तर दोनच्या आतली घ्यावी, नाहीतर थोडं कर्ज काढून नवी. मधल्या पट्ट्यातल्या जाहिराती मी आता उघडतसुद्धा नाही.

विमा थर्ड पार्टीचा 3416 रुपये अधिक जीएसटी, कारण इंजिन हजार सीसीच्या वर आहे. आठशे सीसीची ऑल्टो घेतली असती तर 2094 पडले असते. मी ओन डॅमेजही (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) घेतलाय, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) कमी असल्याने तो फार जड नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन 2028 ला संपेल. तेव्हा पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी, असा खर्च समोर दिसतोय. 2011 किंवा 2012 ची रिट्झ बघत असाल तर हा खर्च तुमच्या दारात आधीच येऊन उभा आहे. भाव ठरवताना तो मालकासमोर काढा, दहा-पंधरा हजार त्यावरच कमी होतात.