मुंबईकर तुसडे की घाईत?

दादरच्या पुलावर एकाला चर्चगेटच्या गाडीचा प्लॅटफॉर्म विचारला. गडी थांबलाच नाही. मान न वळवता म्हणाला, "पुढचा जिना, डावीकडे." पण बरोबर सांगितलं! लोकल गाठायची घाई होती त्याला; याला उद्धटपणा कसा म्हणायचा?

आता आपल्या नाशिकच्या रविवार कारंजावर पत्ता विचारा. आधी "कुठून आलात?", मग "कोणाकडे जायचंय?", मग शेजारच्या टपरीवाल्याचा सल्ला. सगळं गोड, पण दहा मिनिटं गेली, आणि (सांगू का?) पत्ताही चुकला.

घाईचा परिणाम मोजलाही गेलाय. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. वाटेत कण्हत पडलेल्या माणसाला निवांत विद्यार्थ्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, फार घाईतल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. आणि ही मुलं शिकत होती धर्मशास्त्र!

तरी सगळंच घाईच्या खात्यावर टाकवत नाही. रांग मोडून वर डोळे वटारणारा तुसडाच. मग तो दादरचा असो, नाहीतर सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकापाशी) सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न बडवणारा आपला नाशिककर.