सर्च बॉक्स की फिल्टर? मंडळाचे फोटो शोधायच्या दोन वाटा

बेळगावातल्या कुठल्याबी मंडळाचं बघा, गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, राजहंसगडाची ट्रीप, सगळे फोटो एकाच लायब्ररीत टाकलेले आणि बॅनर करायच्या आदल्या रात्री शोधाशोध सुरू.

बॉक्समध्ये शब्द टाईप करणं सोपं, फाईलचं नाव माहीत असेल तर सेकंदात काम होतंय. पण कॅमेरा देतो ते नाव म्हणजे डीएससीसारखी अक्षरं आणि पुढं नंबर, ते कोण लक्षात ठेवणार? त्यात कुणी बेळगाव लिहिलंय, कुणी बेळगावी (२०१४ पासून सरकारी नाव तेच), कुणी कन्नडमध्ये, आणि साधा सर्च नुसती अक्षरं जुळवतो, त्यामुळं निम्मे फोटो हाती लागतच नाहीत की.

फिल्टरला नाव लागत नाही. प्रकार, तारीख, आडवा-उभा, टॅग (फोटोला आपण जोडलेला ओळखीचा शब्द) असं एकेक लावत गेलं की यादी बारीक होत जाते, फ्लेक्सला आडवाच पाहिजे तर उभे सगळे एका टिकनं बाहेर. फक्त तारखेला जपा. काढल्याची वेगळी, अपलोडची वेगळी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरनं साधा फोटो म्हणून आलेल्या फाईलीतनं काढल्याची तारीख उडालेली असते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. टॅग कुणी लावलेच नसतील तर तो फिल्टर रिकामाच.

मला विचाराल तर आधी वर्ष आणि प्रकाराचा फिल्टर, मग उरलेल्यात शब्द. आणि हो, जुना फिल्टर काढायचा राहिला तर फोटो असूनबी काही सापडत नाही, मग ग्रुपवर डिलीट कुणी केलं म्हणून भांडण.